शहाणी आई कोणाची? ‘श्यामची आई’ आणि उंबऱ्याबाहेरची आई

शाळेत ‘माझी आई’ हा निबंध आपल्या सगळ्यांच्या मुलांना लिहावा लागतो. त्या निबंधातली आई ठरलेली असते. ती पहाटे उठते, देवाजवळ दिवा लावते, गोष्टी सांगते, चुकलं तर रागावते आणि मग जवळ घेते. मानपाड्यात, ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या असो की डोंबिवलीतल्या, आपल्या अनेक घरांतल्या आया पहाटे उठतात त्या दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायला किंवा कंपनीतली पाळी गाठायला. निबंधातल्या आईत ही आई बसत नाही. मग मूल तिला बाहेर ठेवतं आणि पुस्तकातली आई लिहून आणतं. हे साचेबंद चित्र आलं कुठून आणि त्याचं आपण काय करायचं, हे या लेखात पाहू.

साचा कसा तयार झाला

मराठीत या चित्राचं मूळ शोधायला गेलं की ‘श्यामची आई’पाशी थांबावं लागतं. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचं ते घर आणि कर्जात बुडत चाललेल्या संसारातही मुलाला चांगलं वागायला शिकवणारी ती आई पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. आपल्या घरांतही वाचली गेली. ते वाचून रडलेली माणसं आपल्यातही पुष्कळ आहेत आणि त्यात काही चुकीचं नाही.

ही आई फक्त मराठीतच आहे असंही नाही. अमेरिकेत १८६८ साली आलेल्या लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’मध्ये चार मुलींची आई अशीच आहे. ती मुलींना राग आवरायला शिकवते आणि आपल्यालाही रोज राग येतो हे मोकळेपणानं कबूल करते. नाताळच्या सकाळी ती मुलींना स्वतःचा नाश्ता एका गरीब कुटुंबाला द्यायला लावते.

या कथांची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आईचं मोठेपण दाखवायला दाराशी दुसरी एक आई उभी करावी लागते. ती गरीब असते आणि तिला मदत घ्यायची असते. मदत घेतली की तिचं काम संपतं. ती काय विचार करते, तिनं आपल्या मुलांना काय शिकवलं, हे कथेत येत नाही.

मोळी आणि अंघोळ

‘श्यामची आई’मध्येही ती आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडते. शिवायची नाही म्हणून कोणी ती उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन अंघोळ कर.

त्या काळातल्या कोकणातल्या ब्राह्मण घरात मुलाला एवढं सांगणं सोपं नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण अंघोळ राहिलीच. करुणा उंबरा ओलांडून गेली आणि विटाळ बरोबर घेऊन परत आली. पुढे याच मुलानं, म्हणजे साने गुरुजींनी, मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आईनं जिथे पाऊल थांबवलं, त्याच्या पुढे मुलगा गेला. पण मोळीवाल्या म्हातारीच्या घरी काय होतं, हे त्या पुस्तकातून आपल्याला कधीच कळत नाही.

दाराच्या दुसऱ्या बाजूनं

ते कळायला १९७८ नंतरची आत्मकथनं यावी लागली. त्या वर्षी दया पवार यांचं ‘बलुतं’ आलं. १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तकं आली. २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आलं.

‘आयदान’ची आई त्याच रत्नागिरी जिल्ह्यातली आहे. नवरा शिक्षक होता, तो मुलांच्या लहानपणीच गेला. मुलं शिकली पाहिजेत ही त्याची इच्छा होती. ती पुरी करायला ही बाई दिवसभर बांबूच्या सुपं-टोपल्या, म्हणजे आयदानं विणत राहिली. ती आयदानं पोचवायला लहान ऊर्मिला सवर्णांच्या दारात जायची, तेव्हा तिला लांब उभं करत, आयदानांवर पाणी शिंपडून ती घेत आणि पैसे वरून टाकत. मोळीच्या गोष्टीतली अंघोळ आणि हे पाणी एकच आहे. फक्त इथे ते ज्याच्यावर पडतं तो माणूस बोलतो.

ही आई गोष्टी सांगून संस्कार करणारी नाही. ती तापट आहे आणि दुःखानं कडवट झालेली आहे. तिचं शहाणपण हातात आहे, विणायचं थांबायचं नाही यात आहे. ऊर्मिलाताईंनी आपल्या लिहिण्याचं नातं आईच्या या विणण्याशी जोडलं.

बेबीताईंनी तर आपल्या आयांना देवीही केलं नाही. सुनेला छळणारी सासूही त्यांनी लिहिली आणि बाबासाहेबांचं ऐकून मुलांना शाळेत घालणाऱ्या बायाही लिहिल्या. आपल्या समाजातली आई खरी कशी होती हे समजून घ्यायचं असेल तर हा प्रामाणिकपणा लागतोच.

धम्माच्या परंपरेतली आई

आपल्या परंपरेत शहाणी आई ही मुलाच्या आठवणीपुरती नाही. ‘थेरीगाथे’त स्त्रिया स्वतः बोलतात. मूल गमावलेली किसा गोतमी आणि सगळं कुटुंब गमावलेली पटाचारा दुःखातून स्वतःच्या समजुतीपर्यंत पोचतात आणि ते स्वतःच्या शब्दांत सांगतात. सिद्धार्थाला वाढवणारी महाप्रजापती गोतमी स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून पुन्हा पुन्हा मागणी करते. बाबासाहेबांनीही महाडला डिसेंबर १९२७ मध्ये आणि नागपूरला जुलै १९४२ मध्ये स्त्रियांशी थेट संवाद साधला, कारण बदल घडवणाऱ्या म्हणूनच ते त्यांच्याकडे पाहत होते. त्या स्त्रियांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात नोंदवला आहे.

म्हणून आमचं म्हणणं ‘श्यामची आई’ वाचू नका असं नाही. मुलांना ती जरूर वाचू द्या आणि मोळीच्या गोष्टीपाशी थांबून विचारा, त्या म्हातारीचं नाव काय असेल? तिची मुलं कुठे असतील? मग त्यांच्या हातात ‘आयदान’ द्या. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतंच, त्यात एखादी संध्याकाळ या पुस्तकांसाठी ठेवता येईल. वाचून झालं की समोर बसलेल्या आयांना आणि आज्यांना बोलू द्यायचं आणि मुलांनी ते वहीत उतरवायचं. पुढच्या वेळी निबंध लिहिताना त्या मुलाला आपली आई वगळावी लागणार नाही.