टाळेबंदीत हृदयविकाराचे रुग्ण कुठे गेले?

दापोडीहून पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं वायसीएम, पाचेक किलोमीटरवर. फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा आणि वल्लभनगर गेलं की आलंच. हॅरिस पूल ओलांडला तर बोपोडी, म्हणजे पुणे शहर. एरवी छातीत कळ आलेल्या माणसाला रिक्षात घालूनही वेळेत पोचवता येतं. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र हे अंतर फार लांब झालं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. लोकल थांबल्या, रिक्षा दारात उभ्या राहिल्या, हद्दींवर नाकाबंदी आली, वायसीएम कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. त्यात ‘दवाखान्यात गेलो तर कोरोना घेऊनच येऊ’ ही धास्ती घराघरांत होती.

त्याचा परिणाम देशभर दिसला. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या पुढाकाराने १८७ रुग्णालयांतल्या ४१,८३२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १५ मार्च ते १५ जून २०२० या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेले रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते. झटके एवढे कमी झाले असतील, यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. इटलीत उत्तर मिळालं. तिथे मार्च २०२० मधल्या एका आठवड्यात असे दाखल रुग्ण निम्म्यावर आले, पण मोठ्या झटक्याने दगावणाऱ्यांचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेलं. उशिरा येणारा रुग्ण जास्त खालावलेला होता. हाँगकाँगच्या एका रुग्णालयात कळ सुरू होण्यापासून वैद्यकीय मदत गाठेपर्यंतचा वेळ ८२ मिनिटांवरून ३१८ मिनिटांवर गेला.

या मिनिटांना एवढी किंमत का? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायूच्या पेशी मरू लागतात आणि काही तासांत मोठा भाग कायमचा निकामी होतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासांत उत्तम चालतं, पुढे त्याचा जोर ओसरतो. अँजिओप्लास्टी झाली तरी ती उरलेलाच स्नायू वाचवते. म्हणून उशीर झालेल्यांत हृदयाची ताकद घटणं, रक्तदाब कोसळणं, क्वचित हृदयाच्या आतला पडदाच फाटणं असे प्रकार जास्त दिसतात.

खुद्द विषाणूही हृदयावर घाव घालत होता. संसर्गाने शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं. स्वीडनमध्ये ८६ हजारांहून अधिक कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात बाधेनंतरच्या पहिल्या आठवड्यात झटक्याची जोखीम सुमारे तिप्पट आढळली. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींत कोविड आणि मोठा झटका एकत्र आलेल्या रुग्णांपैकी जवळपास दर तिसरा रुग्णालयातच दगावला. साध्या फ्लूनंतरच्या आठवड्यातही झटक्याची जोखीम वाढते.

पुढची साथ कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. घरातला उशीर टाळणं मात्र आपल्या हातात आहे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काही जाणवलं तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही आणि वयस्कर माणसांत कळ सौम्यही असते. १०८ ला फोन करा आणि लगेच इसीजी काढून घ्या. साथ असो वा नसो, त्या वेळी घरी थांबणं हाच सर्वांत मोठा धोका असतो.