घराची दलाली आणि श्रावकाचे माप

धान्य, कापड, सराफी आणि औषधे या बाजारांत नाशिकचे जैन व्यापारी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. गेल्या काही दशकांत त्यात आणखी एका बाजाराची भर पडली, ती म्हणजे घरांच्या बाजाराची. रविवार कारंजा आणि सराफ बाजाराच्या आसपासचे वाडे सोडून कुटुंबे प्रथम कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि इंदिरानगरकडे गेली. पुढे शहर पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळच्या दिशेने पसरत राहिले. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत नोकरीस आलेले, मुंबई-पुण्याहून शांततेच्या शोधात आलेले, अशा सर्वांना घर हवे होते. ते दाखवणारा कोणीतरी हवा होता. म्हणूनच आज मोठा भाऊ दुकानाच्या गादीवर आणि धाकटा ‘इस्टेट एजंट’च्या पाटीखाली, असे चित्र आपल्या अनेक घरांत दिसते.

दलाली हा काही कमी प्रतीचा व्यवसाय नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी असतात, त्यांच्यामध्ये आपला शब्द ठेवणे हे मध्यस्थाचे काम. तरीही ‘दलाल’ हा शब्द उच्चारताना लोकांच्या कपाळावर आठी उमटते. त्याचे कारण या व्यवसायातील मोबदल्याच्या रीतीत आहे. साधारणतः किमतीच्या एक-दोन टक्के दलाली मिळते, पण ती सौदा पुरा झाला तरच. महिनाभर पंधरा घरे दाखवून ग्राहकाने नाही म्हटले, तर पेट्रोलचाही खर्च निघत नाही. अशा वेळी एखादी उणीव सांगितली तर सौदा मोडतो आणि मौन पाळले तर पदरात लाखभर रुपये पडतात. दलालाची परीक्षा नेमकी या क्षणी होते.

दुकानातून नेलेले धान्य खराब निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पोते परत आणते. घर परत आणता येत नाही. त्यात आयुष्याची बचत, स्त्रीधनाचा काही भाग आणि वीस वर्षांचे कर्ज गुंतलेले असते. म्हणून या व्यापारातील असत्याचे वजन इतर व्यापारांहून अधिक आहे.

अतिचारांची यादी, जणू आजच लिहिलेली

दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत उघडपणे न मोडता त्याला लागणारा दोष. सत्य आणि अचौर्य या दोन व्रतांचे अतिचार वाचताना वाटते, की ही यादी घरांच्या बाजारात बसूनच कोणी केली असावी. प्रतिक्रमणात आपण ही नावे उच्चारतो. ती कामाच्या टेबलावर आणून पाहिली तर काय दिसते?

हीनाधिक मानोन्मान : मापातील लबाडी. तागडीत मारलेली काडी आपल्याला लगेच कळते. चौरस फुटांत मारलेली काडी मात्र वर्षानुवर्षे प्रथा म्हणून चालली. समजा, ‘हजार फुटांचा फ्लॅट’ पाच हजार रुपये दराने पन्नास लाखांना सांगितला. हे हजार फूट ‘सुपर बिल्टअप’ असतील आणि त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचे ३५ टक्के ‘लोडिंग’ धरले असेल, तर प्रत्यक्ष चटई क्षेत्र सुमारे ७४० चौरस फूट भरते. म्हणजे वापरता येणाऱ्या जागेचा दर सुमारे ६,७५० रुपये झाला. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. त्यात घरातील आतल्या भिंती धरल्या जातात, तर बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते. तरीही बोलण्यात जुने हजार फूट आजही डोकावतात. प्रामाणिक मध्यस्थाने पहिल्याच भेटीत चटई क्षेत्राचा आकडा सांगावा आणि टेपने मोजून दाखवण्याची तयारी ठेवावी.

मिथ्योपदेश : भलतीकडे नेणारा सल्ला. नाशिकमध्ये याला सिंहस्थाची जोड मिळते. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला, की ‘येथून मोठा रस्ता जाणार, भाव दुप्पट होणार’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येते. विकास आराखड्यात आखलेला रस्ता आणि डांबर पडलेला रस्ता यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर असू शकते, हे सांगणारा विरळा. ‘दुसरी पार्टी टोकन घेऊन खाली उभी आहे’ हाही मिथ्योपदेशच, कारण ती पार्टी बहुधा दलालाच्या कल्पनेतच असते.

नदीकाठच्या घरांबाबत तर सत्य सांगणे हे जीवदयेचेच काम आहे. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. सप्टेंबर २००८ च्या महापुराने आणि त्यानंतर ऑगस्ट २०१९ च्या पुराने काठावरच्या वस्तीला काय दाखवले, हे जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. मुंबईहून आलेल्या ग्राहकाला खिडकीतून फक्त नदीचे सुंदर दृश्य दिसते. पूररेषा त्याला मध्यस्थानेच दाखवायची असते.

कूटलेखक्रिया : खोटा किंवा फसवा लेख. येथे नाशिकच्या ‘कपाट प्रकरणा’ची आठवण अपरिहार्य आहे. मंजूर नकाशात भिंतीतील कपाट म्हणून दाखवलेली जागा चटईक्षेत्र निर्देशांकाच्या हिशेबातून वगळली जात असे आणि प्रत्यक्ष बांधकामात ती खोलीतच सामावून घेतली जात असे. गेल्या दशकाच्या मध्यावर ही जागा हिशेबात धरली जाऊ लागली, तेव्हा अनेक इमारतींचे बांधकाम मंजुरीपेक्षा अधिक भरले आणि पूर्णत्वाचे दाखले अडकले. घराचे हप्ते सुरू झालेले, पण दाखला नाही, अशा कोंडीत सामान्य कुटुंबे सापडली. तोडगा निघेपर्यंत मोठा काळ गेला. कपाट दीड-दोन फूट खोलीचे, पण त्याने शहराला एक धडा दिला : नकाशातील रेघ आणि विटांची भिंत जुळते की नाही, हे पाहिल्याशिवाय ‘कागदपत्रे क्लिअर आहेत’ असे म्हणू नये. सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, पूर्णत्वाचा दाखला, ही साखळी स्वतः तपासण्याइतके ज्ञान मध्यस्थाकडे असलेच पाहिजे.

न्यासापहार : विश्वासाने ठेवलेली रक्कम गिळणे. टोकन किंवा बयाणा म्हणून दिलेली रक्कम ही ठेव आहे. बँकेने कर्ज नाकारले, वारसांपैकी एकाने सही नाकारली आणि सौदा फिसकटला, की या रकमेवरून तोंडे फिरतात. उपाय साधा आहे. रक्कम बँकेमार्फत घ्यावी, कोणत्या कारणाने ती परत होईल आणि कोणत्या कारणाने होणार नाही, हे इसारपावतीवर दोन ओळींत लिहावे. नव्या प्रकल्पात तर नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्यानेच बिल्डरला मनाई केली आहे.

साकारमंत्रभेद : दुसऱ्याच्या मनातील गुपित फोडणे. विक्रेत्याच्या घरी आजारपण आहे, त्याला पैशाची निकड आहे, हे मध्यस्थाला कळते. ग्राहकाची चार लाखांनी वर जाण्याची तयारी आहे, हेही त्याला चेहऱ्यावरून समजते. एकाची अडचण दुसऱ्याला विकणे हा सत्यव्रताचाच दोष मानला आहे, हे किती मार्मिक! घराचा दोष सांगायचा, माणसाची अगतिकता सांगायची नाही. दोन्ही बाजूंचा विश्वास राखण्याची ही मर्यादा आहे.

विरुद्धराज्यातिक्रम : राज्याच्या नियमाचे उल्लंघन. ‘इतके चेकने, इतके रोख’ ही भाषा आपल्या व्यापारी मंडळींना अपरिचित नाही. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली असून, मोडल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रोख दिलेली रक्कम वाद झाल्यावर सिद्धही करता येत नाही. व्रत आणि व्यवहार येथे एकच गोष्ट सांगतात.

कायदा आला, तो कोठवर?

रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि एजंटला प्रथमच कायद्यात स्थान मिळाले. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकण्यास साहाय्य न करणे, हिशेबाची वही ठेवणे, खोटे दावे न करणे आणि ग्राहकाला बुकिंगच्या वेळी हक्काची सर्व कागदपत्रे मिळवून देणे ही त्याची कर्तव्ये ठरली. ती मोडल्यास प्रतिदिन दहा हजार रुपयांपर्यंत, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महारेराने पुढे एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आणली आणि १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो. मोबाइलवर तो वाचला, की प्रकल्पाची नोंद समोर येते.

मात्र रेराची नजर मुख्यतः नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. दहा-वीस वर्षे जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत तिसऱ्या मजल्यावर उन्हाळ्यात पाणी चढत नाही, वरच्या बाथरूमची गळती दर पावसाळ्यात रंगाखाली झाकली जाते, सोसायटीची थकबाकी आहे, या गोष्टी कोणताही क्यूआर कोड सांगत नाही. तेथे मध्यस्थाची सदसद्विवेकबुद्धी हाच एकमेव निरीक्षक असतो.

घर पाहायला कुटुंब येते

घर एकटा माणूस पाहत असला, तरी निर्णय सगळे कुटुंब घेते. वडील दर विचारतात, मुलगा पार्किंग मोजतो, सून स्वयंपाकघरातील उजेड पाहते. पण न बोलणाऱ्या आजींच्या मनात एकच प्रश्न असतो : स्थानक किंवा मंदिर पायी किती अंतरावर आहे? सामायिक, प्रवचन, चातुर्मासात साधू-साध्वींचे दर्शन, हे सर्व त्या अंतरावर अवलंबून असते. जाणता मध्यस्थ आजींना आधी खुर्ची देतो आणि त्यांचे ऐकतो. चांगले घर, पण या कुटुंबाला न मानवणारे, असे दिसले तर ‘काका, हे घर तुमच्यासाठी नाही’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवतो. त्या दिवशी दलाली जाते. पण पुढे त्या कुटुंबातील लेक, भाचा, व्याही असे सगळे त्याच्याच दारी येतात. पेढीची पत अशीच वाढत असते, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको.

ग्राहकाचेही व्रत

आपल्यापैकी बहुतेक जण या व्यवहारात दलाल म्हणून नव्हे, ग्राहक म्हणून उतरतात. तेव्हा आरसा आपल्याकडेही वळवावा. एजंटने दाखवलेले घर त्याला वगळून मालकाकडून परस्पर घेणे, किंवा ठरलेली दलाली खरेदीखत झाल्यावर निम्म्यावर आणणे, हे अदत्तादानच आहे, कारण दुसऱ्याचे श्रम आपण न देता घेतो. घर दाखवण्यापूर्वीच दलालीचा दर लेखी ठरवला, तर हा प्रसंगच येत नाही.

आणखी एक. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालायच्या वस्तूंच्या यादीत क्षेत्र आणि वास्तु, म्हणजे जमीन आणि घर, यांची जोडी सर्वांत आधी येते. राहण्यासाठी घर ही गरज आहे. पण भाव वाढेल म्हणून घेतलेला आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेला तिसरा-चौथा फ्लॅट कोणत्या परिमाणात बसतो, याचा विचार प्रत्येकाने पर्युषणात एकदा तरी करावा.

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात आणि त्याच मुहूर्तावर घरांचे बुकिंगही होते. एकीकडे वर्षभराचा त्याग पूर्ण होतो, दुसरीकडे आयुष्यभराची बचत एका सहीने दुसऱ्याच्या हाती जाते. ती सही घेताना समोर बसलेल्या तरुणाने माप खरे सांगितले असेल, कागद तपासले असतील आणि उणीव लपवली नसेल, तर त्या कुटुंबाच्या गृहप्रवेशाच्या मंगलात त्याचाही वाटा आहे. या व्यवसायात येणाऱ्या आपल्या मुला-मुलींना भांडवल देताना हे मापही त्यांच्या हाती द्यावे.