मोती पिकण्याची वाट

आमच्या घरी १९५५ साली ‘मोती पिकला का?’ हा प्रश्न शाळू पिकला का, या प्रश्नाच्याच सुरात विचारला जाई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आजीच्या दोन्ही बाहुल्यांवर करडी छटा येऊन तोवर चार वर्षे लोटली होती. या अवधीत तिने प्रथम तांदूळ निवडणे सोडले, पुढे पोथी सोडली आणि शेवटी उंबरठ्याबाहेर एकटीने पाऊल टाकणेही सोडले. परंतु या तिन्ही त्यागांचा अर्थ घरातील कर्त्या मंडळींनी ‘आता वय झाले’ एवढाच लावला. तालुक्याच्या दवाखान्यातून ‘अजून कच्चा आहे, पिकू द्या’ असा निर्वाळा दोनदा मिळालेला असल्यामुळे वाट पाहणे हाच एक उपचार आहे, अशी सर्वांची, आणि खुद्द आजीचीही, खात्री झालेली होती. त्या वाट पाहण्याचा हा मागोवा आहे. कारण साठ-सत्तर वर्षांत डोळ्यांच्या वैद्यकातील बहुतेक सारे पालटले, पण वृद्धांच्या दृष्टीविषयी आपल्या घरांतून चालणारी ही प्रतीक्षा मात्र पुरती संपलेली नाही.

तो सल्ला अज्ञानातून आलेला नव्हता, हे आधी नमूद केले पाहिजे. डोळ्यातील स्वाभाविक भिंग वयोमानाने गढूळ होते, हे आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाने या व्याधीचे वर्णन असून शलाकेने तो अडथळा दृष्टिमार्गातून दूर सारण्याचा विधीही सांगितलेला आहे. त्याच विधीचा अपभ्रंश पुढे शतकानुशतके गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्यांच्या हाती राहिला. गढूळ भिंग सुईने मागे ढकलले की रोग्याला तत्क्षणी दिसू लागे आणि सुईवाला बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी डोळा लाल होऊन, आतील दाब वाढून, दृष्टी कायमची गेली म्हणजे तक्रार ऐकायला तो जागेवर नसे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा कसोशीने अभ्यास करून १९१७ साली त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला.

भिंग ढकलण्याऐवजी बाहेरच काढण्याची रीत फ्रान्समध्ये जाक दाव्हियेल याने १७४७ साली घातली, आणि ‘पिकणे’ या कल्पनेला खरे महत्त्व आले ते या रीतीमुळे. भिंगाचे बाह्य आवरण फाडून आतील गाभा काढताना तो पुरता पिकलेला असला तर निर्वेध बाहेर येई. कच्चा असला तर त्याचा चिकट अंश कोवळ्या फणसाच्या चिकाप्रमाणे आत लिडबिडून राही आणि डोळा सुजे. विसाव्या शतकाच्या आरंभी जालंदरच्या कर्नल हेन्री स्मिथ यांनी आवरणासकट सबंध भिंग काढण्याच्या पद्धतीचा हजारो डोळ्यांवर अवलंब केला, तेव्हा हे कारण वास्तविक मागे पडावयास हवे होते. पण दुसरे एक कारण उरलेच होते. भिंग काढल्यावर डोळ्याला जो जाड चष्मा लागे, त्यातून दिसणारे जग इतके चमत्कारिक असे की थोड्याशा मोतीबिंदूतून जे दिसते ते त्यापेक्षा बरे. म्हणून दोन्ही डोळे निकामी होत येईपर्यंत शस्त्र न लावणे यात शहाणपण होते.

आजीला अखेर भिलवडी स्टेशनापर्यंत बैलगाडीने आणि तेथून आगगाडीने मिरजेस नेले. मिरजेचे मिशन इस्पितळ डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारले होते, आणि त्यांच्या हाताला असलेल्या यशाची कीर्ती दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात अशी पसरली होती की ते मिरज सोडून सव्वीस-सत्तावीस वर्षे उलटल्यावरही खेड्यातील माणूस ‘मिरजेला डोळे काढायला जातो’ असे म्हणे. यातील ‘डोळे काढणे’ म्हणजे मोतीबिंदू काढणे. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नसावा. कठीण होते ते त्यानंतरचे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, खोकायचे नाही, शिंकायचे नाही, कुशीवर वळायचे नाही, आणि जेवण तेही पडल्या पडल्या दुसऱ्याच्या हातून. आठ दिवस आजी त्या अंधारात निश्चल पडून होती. मी अकरा वर्षांचा होतो. तिच्या उशाशी बसून माशा वारणे हे माझे काम, आणि पट्टी सुटेल त्या दिवशी ती प्रथम काय पाहील, हा माझा एकमेव विचार.

चष्मा आला तो दीड-दोन महिन्यांनी. त्याची भिंगे मध्यभागी गोटीसारखी फुगीर होती आणि त्यांतून प्रत्येक वस्तू पाव-तृतीयांशाने मोठी व जवळ दिसे. आजी फुलपात्र उचलायला हात घाली तो अलीकडेच मिटे. जिन्याची पायरी तिला होती त्याहून वर दिसे. आणि भिंगाच्या कडेभोवती न दिसणाऱ्या प्रदेशाचे एक कडे असल्यामुळे माणसे तिच्यासमोर एकाएकी प्रकट होत. चष्मा काढला की पुन्हा सारे धूसर. तरीही ती पुढली नऊ वर्षे तांदूळ निवडीत होती, आणि तांदळातला खडा स्वतः शोधून काढल्याचा जो आनंद तिच्या मुद्रेवर दिसे, त्याची बरोबरी करील असे दुसरे सुख मी तिच्या वार्धक्यात पाहिले नाही.

आजी मिरजेस गेली त्याच्या सहा वर्षे आधीच, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी एका स्त्रीच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचा प्रथम प्रयोग केला होता. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे कण घुसले, पण त्या द्रव्याने डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहून ठेवले होते. त्यांच्याच व्यवसायातील धुरीणांनी या कल्पनेला दीर्घकाळ विरोध केला, आणि ‘सर’ हा किताब त्यांना मिळाला तो २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा भुगा करून सूक्ष्म छेदातून ते शोषून घेण्याची युक्ती काढली. दात साफ करणाऱ्या यंत्रावरून ती त्यांना सुचली होती. हे सारे जगात घडत असता आपल्या खेड्यांतील म्हातारी माणसे मात्र दुसऱ्याच एका गोष्टीची वाट पाहत होती, ती म्हणजे शिबिराची.

१९५० ते १९८० हा काळ नेत्रशिबिरांचा. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीचे डॉ. मुरिगेप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी डॉक्टरनेच रोग्याच्या गावी गेले पाहिजे हे व्रत घेऊन देश पालथा घातला. १९६८ साली तिरुपती येथे एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. आमच्या भागातही शाळेला सुटी देऊन वर्गांत सतरंज्या अंथरल्या जात, कचेरीतील शिपाई याद्या घेऊन फिरत, गावकरी शिध्याची तजवीज करीत, आणि डोळ्यांवर हिरवे फडके लावलेल्या वृद्धांच्या रांगा भिंतीला टेकून बसत. या उपक्रमांना ‘नेत्रयज्ञ’ म्हणत. ज्यांनी ते पाहिले त्यांना त्या शब्दात अतिशयोक्ती वाटणार नाही. परंतु शाळेचा वर्ग म्हणजे शस्त्रक्रियागार नव्हे. जंतुसंसर्गाने काही डोळे गेले, मंडप उठल्यावर पुढील तपासणी कोण करणार हा प्रश्न राहिला, आणि कालांतराने शासनाने रोग्यालाच कायम रुग्णालयात आणून शस्त्रक्रिया करण्याचे धोरण स्वीकारले. ते योग्यच झाले. तथापि घरापर्यंत येऊन म्हाताऱ्याचा हात धरणारी जी माणसे त्या शिबिरांनी निर्माण केली, ती धोरणाबरोबर पुरती टिकली नाहीत, याची खंत मला आहे.

सरकारी पातळीवर १९७१ ते ७४ मधील पाहणीत देशात दर हजारी सुमारे चौदा माणसे अंध आढळली, आणि १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या अकरा खाटांनिशी अरविंद नेत्ररुग्णालय काढले. १९९२ मध्ये त्या संस्थेने स्वतःच्या कारखान्यात भिंगे तयार करून ती परदेशी भिंगांच्या किमतीच्या लहानशा अंशात उपलब्ध केली. माझ्या मते या साऱ्या वृत्तांतातील सर्वांत मोठे वळण हेच होय, कारण रिडलींची कल्पना गरिबाच्या डोळ्यात उतरली ती त्यामुळे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम निघाली, त्यांत महाराष्ट्र होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी सरकारी दवाखान्यातही उत्तम शस्त्रक्रिया होऊ शकते, हा विश्वास रयतेच्या मनात पुन्हा उत्पन्न केला, आणि आनंदवनातील कुष्ठरुग्णांचेही डोळे हाताळले. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलेले दिसते. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलल्यामुळे हे दोन आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, तरी उतार निःसंशय आहे. पण त्याच पाहणीत पन्नाशीपुढील अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळेच अंध होते. म्हणजे ज्यावर खात्रीचा इलाज आहे, त्याच व्याधीने तीनांतील दोघे अजून अंधारात आहेत.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना माझी लेखणी अडखळते. आजी बरी झाल्यामुळे आमच्या घराण्यात ‘डोळ्यांचे काय, पिकले की काढता येतात’ अशी एक निश्चिंती आली. १९७२ च्या सुमारास माझी आत्या दाराच्या चौकटीला आपटू लागली. समोरचे तिला दिसे, सुईत दोरा ओवता येई, पण बाजूने कोणी आले तर कळत नसे. मोतीच असणार, असे आम्ही ठरवले. एका डॉक्टरांनीही दाब न मोजता तेच सांगितले, आणि आम्ही पुन्हा वाट पाहू लागलो. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डोळ्यात सतत एक द्रव पाझरत असतो. तो निचरून जाण्याची वाट अरुंद झाली की आतील दाब वाढतो आणि मागील दृष्टिमज्जा कडेकडून मरत जाते. बहुधा दुखत नाही, लाली नाही, समोरची दृष्टी अखेरपर्यंत शाबूत; म्हणून रोग्यालाही पत्ता लागत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्राने परत येते. काचबिंदूने गेलेली कधीच येत नाही. अडीच वर्षांनी योग्य ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा उरले होते ते नळीतून दिसावे एवढेच. त्या काळी पायलोकार्पिनचे झोंबणारे थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागत. तेही थोडे उशिरा आले. आत्याने आम्हांला कधी बोल लावला नाही.

मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारा रक्तस्राव आणि वार्धक्यात पटलाच्या मध्यबिंदूचा होणारा ऱ्हास ही दोन दुखणी तेव्हा आमच्या बोलण्यातही नव्हती. आज त्यांवर लेसर आहे, आणि २००५-०६ पासून डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत. पण तीही उरलेले राखतात, गेलेले सारेच परत देत नाहीत. दाराची उभी चौकट वाकडी दिसू लागली, तर ते चष्म्याचे काम नव्हे, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. आणि मधुमेह्याने, उत्तम दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतील पटल तपासून घ्यावे.

माझा स्वतःचा मोतीबिंदू २०१६ साली निघाला. थेंबांनी डोळा बधिर झाला, पाव तासात काम आटोपले, दुपारी मी घरी होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा आकाशाचा निळा रंग इतका निळा असतो हे मी विसरूनच गेलो होतो, असे ध्यानात आले. शस्त्रक्रियेपूर्वी ‘पिकू द्यायला नको का?’ असे मी विचारले, तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, आता फार पिकलेलाच आम्हांला अवघड जातो. कठीण झालेलं भिंग फोडायला जास्त जोर लागतो, कधी ते फुगून दाबही वाढतो.” ज्या सल्ल्याने आजीचे हित झाले, तोच सल्ला आज अहिताचा ठरला आहे, आणि तरीही आमच्या गावच्या पारावर मी तो अजून ऐकतो.

घरात कोणी वृद्ध वाचन सोडील, दिवेलागणीनंतर बाहेर पडणे टाळील, ताटातील पदार्थ चाचपून ओळखू लागेल, तर ते वय झाले म्हणून आहे असे समजू नका; त्यांना विचारा, आणि दिवाळीची सुटी किंवा सुगी संपण्याची वाट न पाहता घेऊन जा. चष्म्याचा नंबर काढून परतू नका. डोळ्याचा दाब मोजायला सांगा. काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून एकाला निघाला तर चाळिशी ओलांडलेल्या सर्व भावंडांना आणि मुलांना सोबत न्या. आत्याच्या चार मुलांपैकी दोघांचा दाब अधिक निघाला. दोघेही गेली वीस वर्षे रोज रात्री थेंब घालतात, आणि दोघांनाही अद्याप चांगले दिसते.