ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच! दोष कुठे शोधावा?

पावसाळा लागला की घरोघरी एकच तक्रार. "मशीनचा ड्रायर फिरतोय, पण कपडे काही पिळून निघत नाहीत." दोरीवर टाकावे तर खाली पाण्याची धार, आणि सकाळी पोरांचा शाळेचा गणवेश ओलाच. मग तालुक्याहून मिस्त्री येतो, मोटार गेली म्हणतो, आणि नवी मोटार बसते. मोटार खरोखरच जळाली असेल तर इलाज नाही. परंतु पुष्कळदा दोष ब्रेकच्या तारेत, पाण्याच्या नळीत नाहीतर वस्तीवरच्या व्होल्टेजमध्ये असतो, आणि खर्च मात्र मोटारीचा होतो. म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी ही माहिती.

जोडटपाच्या मशीनमध्ये ज्याला आपण ड्रायर म्हणतो तो कपडे वाळवत नाही, पिळतो. त्यात हीटर नसतो. आपल्या कारखान्यातील सेंट्रिफ्युगल मशीन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन उमजेल. तिथे मॅसेक्विट जाळीच्या टोपलीत गरगर फिरते, मळी बाहेर फेकली जाते आणि साखरेचा दाणा आत राहतो. घरी दाण्याच्या जागी लुगडे आणि मळीच्या जागी पाणी, एवढाच फरक.

सगळी करामत वेगाची. घरचा ड्रायर मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. फेरे निम्मे झाले तर पाणी फेकण्याचा जोर निम्मा होत नाही, चौथाई राहतो. म्हणून टोपली फिरताना दिसली एवढ्यावरून ड्रायर ठीक आहे असे समजू नये. तिला कोण अडवते आहे ते पाहावे.

पहिल्यांदा कपडे पाहा. एका बाजूला जड चादर आणि दुसऱ्या बाजूला दोन बनियन असे भरले की टोपली डोलते, धडधड आपटते आणि वेग घेत नाही. कपडे सगळीकडून सारखे दाबून बसवावेत आणि वरची जाळीची चकती न विसरता लावावी. ती नसली तर रुमाल, मोजे उडून टोपली आणि बाहेरच्या टपाच्या मध्ये अडकतात. फवारणीचा रेनकोट ड्रायरमध्ये मुळीच घालू नये. त्यात पाणी साठून राहते, तोल जातो आणि मशीन उडी मारते.

मग नळी. सांडपाण्याची नळी मोरीच्या उंबऱ्यावरून वर चढवलेली असेल, मुडपली असेल किंवा तिच्यात दोरे-गाळ साचला असेल तर पाणी टोपलीच्या बुडाशी तुंबते आणि टोपली पाण्यात घुसळत राहते. साबणाचा फेस जास्त झाला तरी तेच. कपडे नीट खळबळून मगच ड्रायरला लावावेत.

आता ब्रेक. आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते. झाकण उघडले की ब्रेकचा पट्टा खालच्या ड्रमवर बसतो, झाकण लावले की तारेच्या ओढीने सुटतो. तार सैल झाली, गंजली किंवा जागेवरून निसटली की ब्रेक पुरता सुटत नाही. टोपली घासत फिरते, रबर जळाल्याचा वास येतो आणि मोटार तापते. प्लग काढून, मागचे पत्र्याचे झाकण उघडून, वरचे झाकण बंद ठेवून ड्रम हाताने फिरवून पाहावा. मोकळा फिरला पाहिजे. अडखळला तर तार ताणून घ्यावी. उंदराने वायर कुरतडली आहे का तेही त्याच वेळी दिसते.

मोटार नुसती घूं घूं करते आणि उचलत नाही, तेव्हा बहुधा कंडेन्सर कमजोर झालेला असतो. पंख्याचे होते तेच इथे. पण कंडेन्सरला घरी हात लावू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते.

व्होल्टेजचे दुखणे मात्र मशीनचे नव्हेच. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर मोटारीचा जोर सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. पंप बंद असताना ड्रायर नीट पिळतो आणि पंप चालू झाले की मंदावतो, असे असेल तर मिस्त्रीला बोलावून उपयोग नाही. धुण्याची वेळ बदलावी.

एक बाब जिवाची आहे. झाकण उघडल्यावर टोपली दहा-पंधरा सेकंदांत थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नये. काही घरी झाकणाचे स्विच बिघडले म्हणून वायर थेट जोडून घेतात. मग झाकण उघडे असतानाही टोपली फिरते, आणि फिरत्या टोपलीत ओला पदर किंवा हात गुंतला की सोडवायला अवधी मिळत नाही. तसेच ओल्या मोरीत दोन पिनांचा प्लग नको. तीन पिना, खरे अर्थिंग आणि शक्य तर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा ब्रेकर बसवून घ्यावा. टोपलीखालचे रबरी सील फाटले की पाणी थेट मोटारीवर ठिबकते. मशीनच्या पोटाखाली ओल दिसली की सील लगेच बदलावे, नाहीतर मोटार खरोखरच जळते.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही तर मिस्त्रीला जरूर बोलवावे. मात्र त्याला आधी ब्रेक, कंडेन्सर आणि सील दाखवायला सांगावे, आणि मोटार बदललीच तर जुनी मोटार आपल्या ताब्यात मागून घ्यावी.