ईस्टरची तारीख आणि यंत्रातला हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने ख्रिस्ती सणावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. मी धर्मपंडित नव्हे. आणि गणिताचे जे थोडे ज्ञान आहे, तेही पाळी सुटल्यावर ग्रंथालयात बसून मिळवलेले. पण ईस्टरची तारीख कशी ठरते हे वाचू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जी मंडळी आज संगणकाला नियम घालून देतात, त्यांना या जुन्या हिशेबापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ज्यांची मजुरी त्या नियमांवर ठरते, त्यांनाही.

नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरला येतो. येशूच्या पुनरुत्थानाचा सण जो ईस्टर, तो मात्र फिरता आहे. 2024 साली तो 31 मार्चला आला, 2025 साली 20 एप्रिलला, तर 2026 साली 5 एप्रिलला. याचे कारण, तो सूर्य, चंद्र आणि वार या तिन्हींशी बांधलेला आहे. 21 मार्च हा वसंतसंपात धरायचा. त्या दिवशी अथवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची. आणि तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर. म्हणून तो 22 मार्चच्या अलीकडे आणि 25 एप्रिलच्या पलीकडे कधी जात नाही.

अधिक मास पाळणाऱ्या आपल्या लोकांना यात अवघड काही नाही. बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडे पडते. पण 19 सौर वर्षांत जवळजवळ नेमके 235 चांद्रमास बसतात. म्हणजे 19 गुणिले 12 होतात 228, आणि वर 7 अधिक. ख्रिस्ती धर्मगुरूंनी याच 19 वर्षांच्या चक्रावर पौर्णिमांचे कोष्टक रचले. ईस्टरपूर्वी दीर्घ उपवासकाळ असतो, तेव्हा दूरच्या खेड्यातल्या पाद्र्यालाही तारीख आधीच कळणे भाग होते. इ. स. 325 च्या नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी हा सण एकाच दिवशी करावा असे ठरवले होते. ते साधायचे, तर कोष्टक सर्वांच्या हाती हवे.

आता कोष्टक म्हणजे आकाश नव्हे. 2019 साली युरोपच्या घड्याळाप्रमाणे संपात 20 मार्चला झाला आणि पौर्णिमा 21 मार्चला. आकाश प्रमाण मानले असते, तर सण 24 मार्चला आला असता. पण कोष्टकातली पौर्णिमा 20 मार्चची होती, म्हणजे एक दिवस अलीकडची. म्हणून पुढची, 18 एप्रिलची पौर्णिमा धरली गेली आणि सण 21 एप्रिलला झाला. यात कोणाची फसवणूक झाली नाही. नियम काय आहे आणि तो आकाशापासून कोठे ढळतो, हे सर्वांपुढे उघड होते. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट बारीक चुकीची. जुन्या रोमन पंचांगात वर्ष 365 दिवस 6 तासांचे धरले होते. खरे ऋतुवर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे चहा घेण्याचा वेळ! पण नायसियाच्या परिषदेपासून 1582 पर्यंत 1257 वर्षे गेली, आणि संपात दहा दिवस मागे सरकून 11 मार्चला येऊ लागला. चंद्राचे कोष्टकही हळूहळू चुकत होते.

ही दुरुस्ती कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. योजना होती लुईजी लिलिओ नावाच्या इटालियन वैद्याची. तो वारल्यावर तिचा सारांश 1577 साली छापण्यात आला आणि राजांकडे व विद्यापीठांकडे मतासाठी पाठवण्यात आला. मग 1582 साली पोप तेरावा ग्रेगरी याने आज्ञापत्र काढले. 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर धरला गेला. त्या आज्ञापत्रातले एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. हे दहा दिवस गाळल्यामुळे कोणाचे नुकसान होऊ नये, म्हणून देण्याघेण्याच्या मुदतीत न्यायाधीशांनी दहा दिवस वाढवून द्यावेत, असे त्यात सांगितले आहे. इंग्लंडने 1752 साली अकरा दिवस गाळले, तेव्हा त्यांच्या कायद्यानेही खंडाच्या आणि शिकाऊ कामगारांच्या मुदती अलीकडे ओढल्या जाऊ नयेत अशी तरतूद केली. म्हणजे गणित सुधारताना गरिबाचा खिसा विसरायचा नाही, एवढे भान त्या काळीही होते.

तिसरी गोष्ट गाउसची. या थोर गणितज्ञाने 1800 साली कोष्टकावाचून ईस्टर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात चंद्राच्या दुरुस्तीचा एक भाग अपुरा होता. चूक दिसायची ती थेट 4200 सालापासून! ती दाखवून दिली त्याच्याच एका विद्यार्थ्याने, आणि 1816 साली गाउसने दुरुस्ती छापली. रीत छापलेली होती, म्हणूनच विद्यार्थ्याला ती तपासता आली.

याउलट आपल्या काळातले उदाहरण घ्या. 1900 हे लीप वर्ष नव्हते. पण लोटस 1-2-3 या हिशेबाच्या प्रणालीने ते तसे धरले, आणि जुन्या फायली चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलनेही तीच चूक जाणूनबुजून पुढे चालवली. कधीही न उगवलेला 29 फेब्रुवारी 1900 तेथे आजही नांदतो आहे. ही चूक निदान सर्वांना ठाऊक आहे. ज्या ठाऊक नाहीत, त्यांचे काय?

मी पाहिलेला एक प्रकार सांगतो. एका कारखान्यात हजेरीचे नवे यंत्र बसले. तीन मिनिटे उशीर झाला की पाव तासाची मजुरी कापली जाई. पाळी संपल्यावर दहा मिनिटे जादा काम झाले, तर ते मात्र मोजले जात नसे. विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, "कापते ते यंत्र, आम्ही नाही." यंत्राला तसे कोणी सांगितले, हे कागदावर यायला चार महिने लागले. रोज दोघा-तिघांची अशी कापलेली मिनिटे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. वर्षाअखेर त्यांचे दिवस होतात.

आज घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या पोरांची मजुरी फोनमधले ॲप ठरवते. दर का उतरला, काम का बंद झाले, हे त्यांनी कोणाला विचारावे? युरोपीय संघाने 2024 साली निर्देश काढला, की अशी यंत्रणा कोणत्या गोष्टी पाहून निर्णय घेते हे कामगाराला सांगितले पाहिजे, आणि त्याचे खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे. मागणी नवी दिसते. तिचे मूळ जुने आहे.

आपल्याकडेही पंचांग आकाशाशी जुळावे म्हणून केरो लक्ष्मण छत्रे आणि लोकमान्य टिळक यांनी खटपट केली, आणि तो वाद चारचौघांत झाला. लोकांचे दिवस ठरवणारा हिशेब लोकांसमोरच तपासला जावा, हे आपल्यालाही परके नाही.

तंत्रज्ञ मित्रांना माझे सांगणे एवढेच. तुमचा नियम लिहून उघड ठेवा. बारीक चूक वर्षानुवर्षे साचू देऊ नका. आणि दुरुस्ती कराल, तेव्हा मधले दिवस कोणाच्या मजुरीतून जातात ते आधी पाहा. हे सारे तुम्ही आपखुशीने करालच, असे मी धरून चालत नाही. म्हणून कामगार मित्रांनाही सांगतो: पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा कसा आला, हे विचारण्याचा हक्क सोडू नका, आणि एकट्याने विचारून उत्तर मिळाले नाही, तर सर्वांनी मिळून विचारा.