टी-शर्टवरची प्रिंट टिकवायचीय? आधी ती कशी छापलीय ते ओळखा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या बॅचने टी-शर्ट छापून घेतले होते. पाठीवर सगळ्यांची नावं. पावसाळ्यात एकदा तो नीट वाळला नाही, मला निघायची घाई, म्हणून दमट टी-शर्टवर थेट इस्त्री फिरवली. चार-पाच नावं इस्त्रीलाच चिकटून आली. त्यात माझ्या रूममेटचंही नाव होतं. तो टी-शर्ट परत मिळणार नव्हता. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

प्रिंटचे प्रकार

स्क्रीन प्रिंट: हात लावला की रबरासारखा थर जाणवतो. यात बऱ्याचदा प्लास्टिसॉल शाई असते, म्हणजे पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य. ही शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते, पण पुन्हा तापवली की पुन्हा मऊ पडते. कॉटनवर ठेवलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. माझी नावं का निघाली, ते आता कळलं असेल.

डीटीएफ: डिझाइन आधी फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची पावडर टाकतात आणि गरम प्रेसने कापडावर चिकटवतात. जो गोंद उष्णतेने लागतो, तो जास्त उष्णतेने सुटूही शकतो.

डीटीजी: घरच्या इंकजेट प्रिंटरसारखी शाई थेट कापडावर पडते. थर फारसा जाणवत नाही. ही प्रिंट घासल्याने फिकी होते.

सब्लिमेशन: क्रिकेटच्या जर्सीवर असते ती. रंगाचा वायू होऊन तो पॉलिएस्टरच्या धाग्यातच शिरतो. वर थर नसतोच, त्यामुळे तडे जायचा प्रश्नच येत नाही.

तडे का जातात?

गरम पाण्यात सुती कापड आटतं, पण वरचा प्रिंटचा थर त्याच्याबरोबर आटत नाही. त्यात मशीनमध्ये जीन्सची चेन आणि बटणं प्रिंटवर घासत राहतात. प्रत्येक धुण्यात थोडं थोडं नुकसान होतं आणि एक दिवस भेगा दिसायला लागतात.

धुताना

- टी-शर्ट उलटा करा. या एका सवयीने प्रिंटला बसणारं घर्षण बरंच कमी होतं.
- थंड पाणी, जेंटल मोड. जीन्ससोबत टाकू नका, ड्रम ठासून भरू नका.
- हाताने धुताना प्रिंटवर ब्रश मारू नका, पीळ देऊ नका. नुसतं दाबून पाणी काढा.
- ब्लीच नको. डाग असेल तर तेवढ्याच जागी थोडं डिटर्जंट लावा.

वाळवताना

ड्रायर टाळा, कारण तिथे उष्णता आणि घर्षण दोन्ही एकदम येतात. उलटा करूनच सावलीत, वारा लागेल असा वाळत घाला. कडक उन्हात रंग उडतो. पावसाळ्यात हँगरला लावून पंख्याखाली ठेवा. रात्रभर लागली तरी चालेल, पण इस्त्रीने वाळवायला जाऊ नका.

इस्त्री करायचीच असेल तर टी-शर्ट उलटा, वर सुती कापड आणि इस्त्री मंद. घडी घालताना प्रिंट प्रिंटला चिकटून राहील अशी घालू नका.

लेबल वाचा

पाण्याच्या टबमधला ३० म्हणजे जास्तीत जास्त ३० अंशांचं पाणी. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायर नको. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंतच. नवीन टी-शर्ट आला की लेबलचा फोटो काढून ठेवा, कारण काही धुण्यांनंतर लेबलच पुसट होतं.

माझा टी-शर्ट अजून आहे. उरलेली नावं वाचता येतात. तो आता मी मशीनला लावतच नाही, बादलीत हातानेच धुतो.