नुसता मुरगळलाय

पायाला काही झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: हाड तर नाही ना मोडलं? एक्स-रे बघून डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, की घरचे निर्धास्त होतात. ‘नुसता मुरगळलाय.’ मग आंबेहळद-रक्तचंदनाचा गरम लेप, वर क्रेप बँडेज, आणि चौथ्या दिवशी माणूस लंगडत कामावर. या ‘नुसता’ने जेवढे घोटे कायमचे अधू केले, तेवढे फ्रॅक्चरने केले नसावेत, असा माझा दाट संशय आहे.

लचकणं, मुरगळणं, उसण भरणं, चमक येणं, सगळ्याला आपल्याकडे शब्द आहेत. उसणीवर तर पायाळू माणसाची लाथ हा उपायही आहे. पण मुरगळताना आत जे फाटतं, त्याला बोलीत नाव नाही. पुस्तकात ‘अस्थिबंध’, दवाखान्यात लिगामेंट. हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा. एका पावलात २६ हाडं, ३३ सांधे आणि असे शंभरावर पट्टे. त्यांना रक्ताचा पुरवठा बेताचा. त्यामुळे आतली डागडुजी कधीकधी वर्षभर चालते, आणि झाली तरी रफू ते रफूच. मूळचं कापड नव्हे.

घोट्यात आतल्या बाजूचा पट्टा जाड आणि दणकट, बाहेरचे तीन त्या मानाने किरकोळ. म्हणून पाऊल आत दुमडलं की बाहेरच्यांपैकी पुढचा पट्टा बहुधा आधी जातो. १९ ऑक्टोबर २०२३ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर विश्वचषकाचा सामना चालू होता. लिटन दासचा फटका पायाने अडवायला गेलेला हार्दिक पंड्या घसरला आणि डावा घोटा धरून बसला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. एखाद-दुसऱ्या सामन्याचा प्रश्न वाटत होता; ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर पडला आणि आयपीएलमध्ये उतरला तो मार्च २०२४मध्ये. दिमतीला फिजिओंची फौज असलेल्या माणसाची ही कथा. आपण चार दिवसांत एसटीच्या पायऱ्या चढतो.

उपचारांची फॅशनही बदलत आली आहे. विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच, हा मंत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८मध्ये दिला आणि जगभरच्या शाळांच्या मैदानांवर तो पाठ झाला. २०१४मध्ये त्यांनीच सांगितलं, की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं उलट लांबू शकतं. सूज हा शरीराचा दुरुस्तीचा ठेका आहे. तिला सरसकट शत्रू मानू नये. आता पहिले काही दिवस जपायचं, मग सोसेल तसा भार टाकायचा, असा कल आहे. पट्टा पूर्ण तुटला तरी पुष्कळदा पट्टी-ब्रेस आणि व्यायामावर भागतं. घोटा वारंवार दगा देऊ लागला, तर मात्र शस्त्रक्रिया. स्वीडनचे ब्रोस्ट्रॉम यांनी साठच्या दशकात मांडलेली, सैल पट्टा आवळून शिवण्याची पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते.

एक्स-रे कधी काढायचा याचा ठोकताळा कॅनडात ओटावा इथे १९९२मध्ये तयार झाला: ठरावीक हाडांवर दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. पण तो शोधतो हाड. लिगामेंट तिथेही बिनआवाजीच.

यातली सर्वांत फसवी दुखापत घोट्याची नाहीच, पावलाच्या मधल्या कमानीची. तिचं नाव लिस्फ्रांक. हे गृहस्थ नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद. त्यांनी लिगामेंट जोडलं नाही, त्या सांध्यातून पाऊल कापायची रीत सांगितली, तीही १८१५मध्ये, भूल नावाची गोष्ट अजून यायची होती तेव्हा. तिथे दुसऱ्या बोटाचं लांब हाड कमानीच्या कळीच्या दगडासारखं खाचेत बसलेलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या बोटांच्या हाडांची बुडं बांधणारा पट्टाच नाही. सगळी मदार एका तिरक्या लिगामेंटवर. जिन्याची शेवटची पायरी चुकली, चवडा टेकला आणि अंगाचा भार वरून आला, की ते जातं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सगळं जागच्या जागी दिसू शकतं. दोन्ही पायांवर उभं करून काढला, तर दोन मिलिमीटरची फट उघडी पडते. तळपायाला काळानिळा डाग दिसला, तर लेप बाजूला ठेवावा आणि अस्थितज्ज्ञ गाठावा. हाडं हलली नसतील तर सहाएक आठवडे पाय टेकायचा नाही. हलली असतील तर स्क्रू-पट्ट्या, नाहीतर सांधाच कायमचा जोडून टाकणं. ऐकायला क्रूर वाटतं; पण २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, मुख्यतः लिगामेंटच तुटलेल्या पायांत, सांधा जोडलेल्यांची गत स्क्रूवाल्यांपेक्षा बरी निघाली.

माझ्या आत्याचा पाय असाच वाड्याच्या जिन्यावर गेला. फोटोत काही नाही म्हणून तिला घरी पाठवलं. तिने महिनाभर मालिश करवून घेतलं. कमान बसली, पुढे आयुष्यभर ती डाव्या पायाची चप्पल एक नंबर मोठी घेत राहिली.

माझा उजवा घोटा कॉलेजात कबड्डीत तीनदा गेला. तिन्ही वेळा नुसताच. आता सपाट रस्त्यावरही दुमडतो. फिजिओ म्हणतात, लिगामेंट फक्त दोरी नव्हे, पाय कुठे आणि कसा पडलाय याची खबरही तेच मेंदूला देतं. फाटलं की खबर उशिरा पोचते, ती वाट पुन्हा रुळवावी लागते. म्हणून गेले चार महिने मी एका पायावर उभा राहून दात घासतो. डोळे उघडे असले तर चाळीस सेकंद. मिटले की आठ, आणि हात बेसिनवर.